टर्बो गाडीतला ओव्हरबूस्ट: ओळखायचा कसा, रोखायचा कसा

खंडाळ्याचा घाट चढताना गाडी मस्त ओढत असते. ट्रकला ओव्हरटेक करायला तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबता आणि एकदम झटका बसतो. पिकअप गायब, मीटरमध्ये पिवळा दिवा. गाडी बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा सुरू केली, की ताकद परत येते. ‘डिझेल खराब भरलं असेल’ असं म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. महिन्याभराने तेच पुन्हा घडतं, मग आठवड्याला, आणि एक दिवस हेड गॅस्केट किंवा टर्बोच जातो.

त्या झटक्यामागे अनेकदा ओव्हरबूस्ट असतो. इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, मागितला त्यापेक्षा जास्त हवेचा दाब टर्बोने तयार केला आणि ईसीयूने इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापली. दोष बऱ्याचदा टर्बोत नसतो. तो टर्बोवर ताबा ठेवणाऱ्या नळ्या, डबी, व्हॉल्व्ह यांत असतो, आणि तिथली दुरुस्ती नव्या टर्बोच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाची असते. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे, याच क्रमाने करायची.

आधी यंत्रणा समजून घ्या

सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त. इंधन जास्त, म्हणून धूर जास्त. धूर जास्त, म्हणून टर्बो आणखी वेगात. हे चक्र आपणहून थांबत नाही. त्याला लगाम घालावा लागतो, आणि तो लगाम सुटला की ओव्हरबूस्ट होतो.

लगाम घालायच्या दोन पद्धती आहेत. पहिली वेस्टगेटची. हे धुराच्या वाटेवरचं एक छोटं झाकण आहे. ते उघडलं की थोडा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो आणि टर्बोचा वेग आवरतो. पुष्कळांना वाटतं की वेस्टगेट कुकरच्या शिट्टीसारखा जादा हवा बाहेर सोडतो. तसं नाही. तो दाबलेल्या हवेला हातच लावत नाही, धूर वळवतो. गिअर बदलताना ‘फुस्स’ आवाज करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह वेगळा. ॲक्सिलरेटर सोडल्यावर अडकलेली हवा मोकळी करणं एवढंच त्याचं काम. ओव्हरबूस्टवर उपाय म्हणून तो बसवून घेऊ नका, पैसे वाया जातील.

दुसरी पद्धत व्हीजीटीची, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोची, ती डिझेल गाड्यांत जास्त दिसते. यात धुराच्या चाकाभोवती पातळ पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की धुराची वाट अरुंद होते आणि टर्बो लवकर वेग घेतो. उघडली की दाब उतरतो.

आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललेलं फियाटचं १.३ लिटर डिझेल इंजिन घ्या. ७५ पीएसच्या स्विफ्टमध्ये त्याला साधा, वेस्टगेटवाला टर्बो होता. ९० पीएसच्या एर्टिगा आणि सियाझमध्ये व्हीजीटी. बॉनेट उघडल्यावर इंजिन जवळपास सारखंच दिसतं, पण ओव्हरबूस्टची कारणं मात्र निराळी. त्यामुळे गॅरेजमध्ये ‘माझी पण तीच मोटर आहे’ म्हणणाऱ्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका.

दाबाचे आकडे

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १०१ किलोपास्कल, म्हणजे अंदाजे १ बार असतो. त्याच्या वर टर्बो जो दाब देतो तो बूस्ट. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. गाडीतला मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, मात्र एकूण दाब मोजतो. त्यामुळे मुंबईत स्कॅनरवर २२० किलोपास्कल दिसले, तर बूस्ट २.२ बार नाही, १.२ बारच्या आसपास आहे. हे न कळल्याने घाबरून गाडी थेट गॅरेजला नेणारे बरेच असतात.

सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा ‘धोक्याचा आकडा’ नाही. त्या क्षणी ईसीयूने किती दाब मागितला आणि प्रत्यक्षात किती आला, यातला फरक बघायचा. मागणी १.९ बार आणि हजेरी १.९ बार, तर सगळं व्यवस्थित. मागणी १.९ बार आणि हजेरी २.३ बार, तर गडबड आहे.

उंचीचाही संबंध येतो. महाबळेश्वरला हवेचा दाब मुंबईच्या जवळपास ८५ टक्केच असतो. इंजिनात तेवढीच हवा भरायची तर टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. छोट्या टर्बोचा दांडा एरवीही मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे घाटमाथ्यावर त्याच्याकडे फारशी सवड उरत नाही.

दुर्लक्ष केलं तर काय मोडतं

पेट्रोल इंजिनात सगळ्यात मोठी भीती नॉकिंगची. दाब आणि उष्णता वाढली की मिश्रण स्पार्कने लावलेल्या आगीची वाट न बघता ठिकठिकाणी भडकतं. अशा हादऱ्यांनी पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, आणि तेही काही सेकंदांत. ही अडचण टर्बो गाड्यांइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारलं जायचं, आणि त्याची टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट आपणहून कमी करायची. डिझेलला या प्रकारच्या नॉकिंगची भीती नाही, पण सिलिंडरमधला दाब वाढून हेड गॅस्केट, कनेक्टिंग रॉड आणि टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो. इंटरकूलरचा, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होज निसटला तर ते स्वस्तात सुटलं म्हणायचं.

पायरी १: झटका बसला त्या क्षणी

ॲक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढा. इंडिकेटर देऊन डावीकडे या, पण वळणावर किंवा बोगद्यात थांबू नका. ताकद कमी झाली तरी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीयूने ताकद कापलेल्या अवस्थेत, गाडी हळूहळू चालते, सुरक्षित जागेपर्यंत तशीच न्या. इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. बंद-चालू करून ताकद परत आली म्हणून पुन्हा तशीच दाबू नका. पुढचा प्रवास शांतपणे, ओव्हरटेकचा मोह टाळून. बॉनेट उघडून लगेच टर्बोजवळ हात घालू नका, धुराच्या बाजूचं लोखंड कित्येक शे अंश तापलेलं असतं.

पायरी २: कोड आधी वाचा, पुसा नंतर

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचायची जागा) लावायचा साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर काम भागतं. पी ०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड. पी ०२९९ म्हणजे उलट, बूस्ट कमी पडतोय. पी ०२३५ आणि पी ०२३६ दाबाच्या सेन्सरकडे बोट दाखवतात, पी ०२४३ वेस्टगेटच्या सोलेनॉइडच्या (ईसीयूच्या हुकमावर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वायरिंगकडे. कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ साठवलेली असते: त्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, दाब किती. तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. गॅरेजमध्ये गाडी आत घेताच पहिल्यांदा कोड पुसून टाकायची अनेकांना सवय असते आणि त्याबरोबर ही माहितीही जाते.

आता एक सोपी तपासणी. चावी ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. टर्बो स्थिर आहे, म्हणजे मॅप सेन्सरने फक्त वातावरणाचा दाब दाखवायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या आसपास. पुण्यात उभ्या, बंद गाडीत तो ११५ दाखवत असेल तर ओव्हरबूस्ट झालेलाच नाही, सेन्सर चुकीचं सांगतोय. अशा वेळी सेन्सर काढून त्याच्या तोंडावरची तेलकट काजळी साफ करा, कनेक्टरच्या पिना बघा, तरी फरक पडला नाही तर बदला. पाच मिनिटांचं हे काम केल्याशिवाय पुढे कशालाही हात लावू नका.

पायरी ३: बारीक नळ्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. टर्बोजवळ दंडगोल किंवा चपटी डबी आणि तिच्यातून निघालेली लोखंडी काडी दिसेल. तो ॲक्चुएटर. त्याला बोटापेक्षा बारीक रबरी नळी येते.

साध्या वेस्टगेटमध्ये या नळीतून टर्बोचाच दाब डबीत येतो, आतला पडदा स्प्रिंगविरुद्ध ढकलतो आणि काडी झाकण उघडते. नळी निसटली, चिरली, तर डबीपर्यंत दाब पोचतच नाही. झाकण बंद राहतं आणि बूस्ट चढतच जातो. काही रुपयांची नळी, आणि तीच इंजिनाच्या मुळावर येते.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत बहुधा उलटं असतं. व्हॅक्यूमने काडी ओढली की पाती मिटतात, बूस्ट वाढतो. तिथे नळी फुटली तर गाडी मंद होते, ओव्हरबूस्ट होत नाही. म्हणून व्हीजीटी गाडीला पी ०२३४ आला असेल तर नळ्या बघा जरूर, पण संशय पात्यांवर आणि सोलेनॉइडवर जास्त ठेवा.

इंजिन थंड असताना प्रत्येक नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपा. चिरा बहुतेक वेळा शेवटच्या इंचभरात, निपलवर चढते तिथे पडतात. नळी थोडी वाकवली की त्या उघड्या होतात. नळी धातूला घासतेय का, उष्णतेने कडक झालीय का बघा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि नळ्या कुरतडतात, विशेषतः आठवडा-पंधरवडा उभ्या असलेल्या गाडीत.

बदलताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. आतला व्यास मूळ नळीइतकाच घ्या आणि व्हॅक्यूमच्या जागी जाड भिंतीची नळी वापरा, पातळ सिलिकॉनची नळी आत चिमटते. आणि जुनी नळी फेकण्याआधी ती दाबून बघा: काहींच्या आत बारीक भोकाचा पितळी किंवा प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो. दाब डबीत किती वेगाने जावा हे तोच ठरवतो. नवी नळी लागली आणि तुकडा जुन्या नळीसोबत कचऱ्यात गेला, तर बूस्टचा हिशेबच बदलतो. तीन निपल असलेल्या सोलेनॉइडवरच्या नळ्या काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. त्यांची अदलाबदल झाली की ओव्हरबूस्ट होऊ शकतो.

पायरी ४: डबी आणि काडी

यासाठी हाताने चालवायचा छोटा प्रेशर-व्हॅक्यूम पंप लागतो. वेस्टगेटच्या डबीला हळूहळू दाब द्या. कंपनीने दिलेल्या आकड्याला काडी हलायला लागली पाहिजे, आणि मिनिटभर सुई खाली येता कामा नये. सुई उतरली तर पडदा फाटलाय. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर चुकूनही थेट लावू नका, त्या दाबाने चांगला पडदाही फाटेल. व्हीजीटीला व्हॅक्यूम द्या. काडी एका दमात, न अडखळता शेवटपर्यंत जायला हवी आणि सोडल्यावर तितक्याच सहज परत यायला हवी.

पंप नसेल तर व्हॅक्यूमवाल्या डिझेलमध्ये कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगून काडीकडे बघा. बहुतेक गाड्यांत सुरू होताच ती ओढली जाते, बंद केल्यावर सुटते. अजिबात हलली नाही किंवा झटके खात हलली, तर कारण सापडायच्या जवळ आलात. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयसारख्या नव्या पेट्रोल इंजिनांत डबीऐवजी इलेक्ट्रिक मोटर असते. ती हाताने ढकलून बघू नका, तिची तपासणी आणि कॅलिब्रेशन स्कॅनरवरूनच होतं.

काडीवर नट असतो आणि बऱ्याचदा त्यावर रंगाची खूण असते. ‘साहेब, दोन आटे फिरवतो, पिकअप बघा कसा येतो’ असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून बाहेर काढा. वेस्टगेटची काडी आखूड केली की झाकण उशिरा उघडतं आणि बूस्ट सगळीकडे वाढतो, तोही ईसीयूला न सांगता. सेकंडहँड गाडी घेताना या नटावर पान्याचे ताजे ओरखडे दिसले किंवा रंगाची खूण तुटलेली दिसली, तर मालकाला खोदून विचारा.

पायरी ५: सोलेनॉइड आणि पात्यांवरची काजळी

सोलेनॉइड म्हणजे ईसीयूच्या हुकमावर नळीतला दाब किंवा व्हॅक्यूम कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. व्हीजीटीच्या सोलेनॉइडला बाहेरची हवा घ्यायला एक छोटा स्पंजचा फिल्टर असतो. आपल्याकडच्या धुळीत तो चोंदतो. हवा आत येईना, की डबीतला व्हॅक्यूम सुटत नाही, पाती मिटलेलीच राहतात आणि बूस्ट उसळतो. हा फिल्टर सर्व्हिसच्या यादीत सहसा नसतो, आठवण तुम्हीच करून द्या. सोबत कनेक्टरमध्ये पाणी, हिरवट गंज आहे का तेही बघा.

नळ्या, डबी, सोलेनॉइड सगळं ठीक आणि काडी तरीही अडखळते, तर पात्यांच्या कड्यात काजळी बसली आहे. रोज पाच-सात किलोमीटर, तेही ट्रॅफिकमध्ये, चौथ्या गिअरला १२००-१३०० आरपीएमवर रेंगाळत चालवलेल्या डिझेलला हा आजार होतोच. पाती पूर्ण हललीच नाहीत की काजळी जागेवर घट्ट होते. आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं २५०० ते ३००० आरपीएमवर, थोडा जोर लावत गाडी चालवा. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदललेलं असू द्या. काजळी कडक झाली असेल तर मात्र टर्बो उतरवून साफ करणं हाच खात्रीचा मार्ग. साफ करणाऱ्याला बजावून सांगा की पाती किती मिटावीत हे ठरवणारा थांब्याचा स्क्रू हलवायचा नाही.

पायरी ६: गाडी चालवून नोंद घ्या

दुरुस्तीनंतर ॲपवर आरपीएम, मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब यांची नोंद लावा. मोबाइल शेजारच्याच्या हातात, तुमची नजर रस्त्यावर. रिकाम्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून, वेगमर्यादेत राहून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. साध्या ॲपमध्ये मागितलेला दाब दिसत नसेल, तर ही एक फेरी कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजकडून करून घ्या.

आलेख वाचायला सोपा असतो. सुरुवातीला प्रत्यक्ष दाब क्षणभर थोडा वर जाऊन मागणीच्या रेषेवर येऊन बसला, तर काळजी नको. उसळी मोठी असेल आणि उशिरा खाली येत असेल, तर सोलेनॉइड किंवा अडखळणारी पाती. दाब सुरुवातीपासून सुसाट चढतोय आणि थांबतच नाही, तर वेस्टगेट उघडत नाहीये: ताबडतोब पाय काढा आणि पायरी ३ वर परत जा. कमी आरपीएमला दोन्ही रेषा एकत्र, पण आरपीएम वाढेल तसा दाब हळूहळू वर सरकतोय, असं असेल तर वेस्टगेट पूर्ण उघडूनही कमी पडतोय. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) लावलेल्या गाड्यांत हे दिसतं. धुराची वाट मोकळी झाली, चाक जोरात फिरू लागलं, पण वेस्टगेटचं भोक तेवढंच राहिलं. ट्यूनिंगने हे सुटत नाही. भोक मोठं करून घ्या किंवा मूळ सायलेन्सर परत लावा.

रीमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स

स्वस्त ट्यूनिंग बॉक्स नव्या माणसाने लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. असे बरेच बॉक्स दाबाच्या सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसतात आणि ईसीयूला खरा दाब कमी करून सांगतात. ईसीयूला वाटतं बूस्ट कमी आहे, म्हणून तो आणखी मागतो. त्याहून वाईट म्हणजे, ओव्हरबूस्ट झाल्यावर ताकद कापणारी संरक्षक यंत्रणा त्याच खोट्या आकड्यावर विसंबून असते. सुरुवातीला सांगितलेला तो झटका तुमचा शेवटचा रखवालदार आहे, आणि बॉक्स त्याच्याच डोळ्यांवर पट्टी बांधतो.

रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूच्या सॉफ्टवेअरमधले आकडे (मॅप) बदलणं, करायचाच असेल तर आधी सगळ्या पायऱ्या पार करून निरोगी गाडी न्या. ट्यूनरला विचारा: बूस्टची कमाल मर्यादा किती ठेवली? पी ०२३४ बंद तर केला नाही ना? पेट्रोल गाडी असेल तर मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी आहे? आपल्याकडचं साधं पेट्रोल अनेक वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं. जास्त ऑक्टेनसाठी केलेला मॅप घेऊन गावाकडच्या पंपावर कमी ऑक्टेनचं भरलं, तर नॉकिंगशी गाठ आहे. उत्तरं गुळमुळीत आली तर निघा. फॉर्म्युला वनमध्येसुद्धा ही मर्यादा संघांवर सोडली नव्हती: १९८७ मध्ये प्रत्येक टर्बो गाडीवर ४ बारला उघडणारा व्हॉल्व्ह सक्तीचा केला, १९८८ मध्ये तो २.५ बारवर आणला.

गाडी गॅरेजला देताना जॉब कार्डवर ‘पिकअप नाही’ एवढंच लिहू देऊ नका. कोड, फ्रीझ फ्रेममधले आकडे, कुठल्या गिअरला आणि किती आरपीएमला झटका बसला, बंद गाडीत मॅप सेन्सर किती दाखवतो, आणि आधी काय काय तपासलं, हे सगळं लिहून घ्या. ‘टर्बो गेला’ असं सांगितलं तर काडी हलवून दाखवायला सांगा आणि जुना पार्ट परत मागा. दुरुस्तीनंतर २००-३०० किलोमीटर झाले की एकदा बॉनेट उघडून नव्या नळ्या आणि क्लिपा हाताने ओढून बघा, आणि फ्रीझ फ्रेममध्ये जो आरपीएम होता त्याच आरपीएमला, त्याच गिअरमध्ये पुन्हा एक नोंद घ्या.